डिलेभाऊ

खरं नाव आता घरच्यांनाच ठाऊक. मोझरीत सगळे त्याला डिलेभाऊ म्हणतात. असा एकेक नमुना हल्ली तिवसा तालुक्यात गावोगावी निपजलाय. अमरावतीला डिप्लोमा अर्धा, खिशात टेस्टर मात्र अख्खा.

पूर्वीचा लाइटिंगवाला माळा टांगून मोकळा होई. हा माळेला अक्कल देतो. अर्दुइनोचं निळं बोर्ड, पाच मीटरची पट्टी, तिच्यात ३०० दिवे आणि प्रत्येकाला वेगळा हुकूम. हुकूम संपला की लिहायचं 'डिले', कंसात १०००. म्हणजे एक सेकंद थांब. तेवढ्यात बटण दाबा नाहीतर बोंबला, बोर्ड ऐकत नाही. त्याची आई म्हणते, "याच्या कंसात शून्यं जास्त पडले बाप्पा."

तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवासाठी चहाच्या टपरीचं काम घेतलं. "काका, पाच मिन्टं," असं सोमवारी म्हणाला. पट्टी पेटली गुरुवारी. ३०० दिवे पूर्ण पांढरे लावायचे तर १८ अँपिअर लागतात. यानं अ‍ॅडॅप्टर जोडला १० चा, तोही एकाच टोकाला. पट्टी सुरुवातीला दुधासारखी, शेवटी भगवी.

"हे काऊन असं?"

"गुरुदेव सेवकांच्या टोप्यांले मॅचिंग हाये ना, काका."

टपरीवाला भाविक. त्यानं हात जोडले, वर शंभर वाढवून दिले.

आता तुकडोजी महाराजांच्या गावात खंजिरीवर न नाचणारा दिवा कसला? म्हणून माइकचा सेन्सर बसला. आवाज झाला की दिवे पळणार. खंजिरीवर पळालेही, पण एसटीच्या हॉर्नवर आणि टपरीवाल्याच्या शिंकेवर जास्त जोमानं पळाले.

महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला. महोत्सवात दुपारी ठीक ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. लाखोंची गर्दी, आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी. टपरीवरच्या कपबशाही गप्प झाल्या. अन् पट्टी विझली, ३०० च्या ३०० दिवे. मौन सुटलं, जयघोष उठला, तशी भडकन पेटली.

सव्वापाचला डिलेभाऊ स्कुटीवरून उतरला. "काका, मौन व्हाचं हाये ना अजून?"

टपरीवाल्याचे डोळे भरलेले. "पोरा, चार अठ्ठावन्न कोडात कसं बसवलं बे?"

डिलेभाऊनं एक सेकंदाचा डिले घेतला.

"तेच तं अवघड होतं, काका."