आजाराने यादी वाचून यावे

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच २०२३च्या निर्णयाने दीड लाखावरून पाच लाखांवर गेले. रेशनकार्ड कोणत्याही रंगाचे चालेल म्हणाले. अट एवढीच होती, आजाराने तेव्हाची १,३५६ उपचारांची यादी वाचून यावे. त्यातले ११९ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव होते. म्हणजे लातुरात खासगी दवाखान्याच्या दारात दुखू लागले, तरी राखीव दुखण्याने सरकारी रांगेतच जाऊन दुखायचे. खर्च वाचतो, हे खरेच.

नांदेडकर यात मुरलेले. २०१२मध्ये योजना सुरू झाली, त्या पहिल्या आठ जिल्ह्यांतच त्यांचा नंबर लागला होता. ऑक्टोबर २०२३मध्ये त्यांच्या विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याचे उघड झाले. एक खासदार आले, प्रभारी अधिष्ठात्यांकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले. हा उपचार कुठल्याच यादीत नव्हता, तरी मोफत झाला.