काठ पाहावा नटवून

डॉक्टरांनी रोज पाऊण तास चाला म्हटलं, की पुणेकर टेकडी गाठतो. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, नाहीतर गेलाबाजार पर्वती. गावाच्या मधोमध मुठा वाहते. काठाला चढ नाही, गुडघ्यांना त्रास नाही. तरी तिकडे कुणी फिरकत नाही.

टेकडीवर दम लागतो. नदीकाठी तो रोखावा लागतो.

तरीपण एखाद्या संध्याकाळी जाऊन बघाच. गरवारे कॉलेजच्या मागून नदीपात्रात उतरा आणि संगमाच्या दिशेने जमेल तेवढं चाला. उतरल्यावर पहिली दिसते ती नदी नव्हे, गाड्या. डेक्कनला दुकानांत जायचं, पेठेत कार्याला जायचं, गाडी कुठे लावायची? नदीत. पुण्यात जागेवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, पण नदीच्या जागेवर सगळ्यांचा समान हक्क.

पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडतात. भिडे पूल बुडतो, वाहतूक बंद होते, क्रेन धावत येते, एखादी मोटार गटांगळ्या खाते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. दरवर्षी तोच पूल, तोच फोटो. मोटारमालकाचा चेहराही दरवर्षी तोच. पार्किंगमध्ये नदीने अतिक्रमण केल्यासारखा.

मान वर करा. मेट्रो. तिचे खांब जवळपास पावणेदोन किलोमीटर नदीपात्रातून गेलेत. डेक्कन आणि संभाजी उद्यान या दोन स्थानकांची छपरं मावळ्यांच्या पगडीच्या घाटाची. आत गारवा, काचा बंद. मेट्रो सुरू झाल्यापासून कित्येक पुणेकरांना आपली नदी चक्क आवडायला लागली आहे.

काच बंद असते ना.

पुढे झेड ब्रिज. पाटीवर नाव काकासाहेब गाडगीळांचं, कठड्याशी हक्क जोडप्यांचा. दुचाकी स्टँडवर लावायची, तिच्यावर टेकायचं आणि अंधार पडण्याची वाट बघायची. संस्कृतिरक्षकांनी नाकं मुरडू नयेत. दोघांना शेजारी बसायला फुकट जागा या शहराने दुसरी ठेवली आहे कुठे? प्रेम आंधळं असतं हे आपण ऐकून होतो. त्याला वासही येत नाही, हे झेड ब्रिजवर कळतं.

आता जरा मागे वळून लकडी पुलाकडे बघा. पानिपतानंतर, १७६१ साली, नानासाहेब पेशव्यांनी तो लाकडाचा बांधून घेतला असं सांगतात. आता त्यात लाकूड नाही. नदीत कचरा पडू नये म्हणून पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या आल्या. पण पुणेकराला जाळीचा अडथळा वाटत नाही. आव्हान वाटतं.

दृश्य असं. एक गृहस्थ स्कूटर थांबवतात. इंजिन चालूच, कारण मागे हॉर्न वाजतायत. हुकाला अडकवलेली पिशवी काढतात. पिशवीत आठवड्याचे हार, उदबत्तीची राख, एक नारळ, एक भंगलेली तसबीर. डोळे मिटून नमस्कार. मग गोलंदाजाला लाजवेल असा हात फिरतो आणि पिशवी जाळीवरून पलीकडे. गाठ मारलेली, प्लास्टिकची. आतली राखही सांडता कामा नये, इतकी काळजी.

दहा पावलांवर महापालिकेचा निर्माल्य कलश. रिकामा नसतो हं. त्यात चहाचे कप असतात.

अर्थात आपण सुधारलोही आहोत. मानाच्या गणपतींचं विसर्जनही आता हौदात होतं. असल्या पाण्यात देवाला बुडवायची आपल्याला लाज वाटली, ही कौतुकाची गोष्ट. त्याच देवाच्या गळ्यातला हार मात्र त्याच पाण्यात चालतो. उत्सवमूर्तीचा सोवळेपणा हाराला लागू नसावा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आलात तर नदी हिरवीगार दिसेल. बाहेरगावचा पाहुणा म्हणतो, ‘‘अरे वा, केवढी हिरवळ!’’ ती जलपर्णी. सांडपाण्यावर पोसलेली, गुटगुटीत. ती काढायला निविदा निघते. जलपर्णी जाते, सांडपाणी राहतं. म्हणून ती पुन्हा उगवते, म्हणून निविदा पुन्हा निघते. या दोहोंपैकी कोण कुणाच्या जिवावर जगतं, यावर कुणीतरी पीएचडी करावी.

ओंकारेश्वरापाशी थोडं थांबा. देऊळ पेशवाईतलं. जुन्या लोकांनी नदीला घाट बांधले ते पाण्यात उतरायला. आंघोळीला, संध्येला, कळशी भरायला. पायरी खाली जायची आणि पाण्याला टेकायची. आता आपण काठ बांधायला घेतलाय तो बाकावर बसून पाण्याकडे बघायला. लांबून.

म्हणजे आपला तो नदीकाठ सुधार प्रकल्प. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर. खर्च साधारण ४,७०० कोटी. फिरायला वाट, सायकलला वाट, बसायला पायऱ्या, हिरवळ, दिवे. आदर्श साबरमतीचा. अहमदाबादला जाऊन आलेले सांगतात, काय पाणी आहे हो साबरमतीला! आहे ना. नर्मदेचं आहे. कालव्यातून आणून भरलेलं. आपण कुणाचं आणायचं, एवढं ठरलं की झालं.

पाणी शुद्ध करण्याचा वेगळा प्रकल्प आहे, असं कुणी तरी लगेच सांगेल. आहे. जपानी कर्जाचा. करार २०१६ चा, रक्कम ९९० कोटी, काम ११ शुद्धीकरण केंद्रांचं. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. तोवर आकडा १,४७० कोटींवर गेला होता. करार ते कुदळ, सहा वर्षं. तेवढ्यात पोरगं पहिलीत जातं.

आता दोन आकडे शेजारी मांडा. पाणी धुवायला १,४७० कोटी, काठ नटवायला ४,७००. बेसिन तुंबलेलं असताना हॉलला नवे पडदे लावणारी माणसं तुमच्या सोसायटीतही असतील. त्यांना निदान निवडणूक लढवायची नसते.

झाडांचंही असंच. काठावर झाडं लावायची आहेत, त्यासाठी काठावरची झाडं आड येतात. एप्रिल २०२३ मध्ये शेकडो पुणेकर रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारल्या. तोडू त्याहून कितीतरी जास्त लावू, असं त्यांना सांगण्यात आलं. बरोबर आहे. आजोबा गेले म्हणून काय झालं, घरात चार बाळं येणार आहेत.

आणि पूर? पुण्यात पुराबद्दल बोलायचं तर तारीख सांगावी लागत नाही. १२ जुलै १९६१, पानशेत. ते धरण फुटलं होतं. २५ जुलै २०२४ ला काहीच फुटलं नाही. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. नकाशावर पूररेषा आखलेल्या असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा बिल्डर वाचतो, वकील वाचतो, नगररचनावाला वाचतो.

नदी अशिक्षित.

तिच्या पात्रात रस्ता, खांब, भराव आणि आता बांधीव काठ. एवढं सगळं मावलं, तर पाणीही मावेल, असा हिशोब आहे. बघू. वरच्या चार धरणांनी तो अजून तपासलेला नाही.

चालत राहा. महापालिकेची इमारत इथून हाकेच्या अंतरावर. हाक नक्की कुणी मारायची, हे तेवढं ठरलेलं नाही. मग शंभरी ओलांडलेला शिवाजी पूल, ज्याला गाव अजून नवा पूल म्हणतं. मग डेंगळे पूल, मग संगम. इथे मुळा येऊन मिळते, पिंपरी-चिंचवडचं सगळं बरोबर घेऊन. दोन महापालिकांचं ज्याच्यावर एकमत झालं असं काही दाखवा, असं कुणी विचारलं तर त्याला इथे आणा. कसं एकजीव झालंय बघा.

एव्हाना अंधार पडतो. डास कामावर येतात. तुमचं चालणंही पुरं झालं असेल, पावलं मोजणारं घड्याळ मनगटावर थरथरतं, शाबासकी देतं. त्याला नाक नाही.

पण तुम्ही परतलात तरी पाणी थांबत नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. भीमा उजनीत जाते. उजनीचं पाणी सोलापूर पितं. आणि तीच भीमा पंढरपुरात वळण घेते, तेव्हा तिची चंद्रभागा होते. लाखो वारकरी तिच्यात बुडी मारतात, ओंजळ डोक्याला लावतात, बाटलीत भरून घरी नेतात. म्हणजे आपण संडासात साखळी ओढतो आणि परभणीच्या देव्हाऱ्यात ते पाणी पोचतं. एवढं अखंड दळणवळण एसटीलाही जमलं नाही.

येत्या आषाढीला तुम्ही पंढरपूरला जालच. चंद्रभागेत उतरलात आणि पाणी कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं, तर जपून. आजूबाजूला मराठवाड्यातली, विदर्भातली भाबडी माणसं असतात.

ओळख दाखवू नका.