सुळका

रेडिओ ऐकायला हल्ली रेडिओ लागत नाही. बोटभर लांबीचा डोंगल लॅपटॉपला खोचायचा, अँटेना लावायची, बाकीचं सॉफ्टवेअर बघून घेतं. मुळात हा डोंगल परदेशात कॉम्प्युटरवर टीव्ही बघण्यासाठी निघाला. पण त्यातली आरटीएल2832यू ही चिप हवेतल्या लहरींचे कच्चे आकडे बाहेर काढून देते, हे 2012च्या सुमारास काही उद्योगी मंडळींनी हेरलं आणि जगभरच्या रिकामटेकड्यांना काम मिळालं. त्यांत मी आलोच.

माझा डोंगल जुना, ई4000 ट्यूनरचा. सुट्टीला आलेल्या भाच्याने तो 145.800 मेगाहर्ट्झवर लावला. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरचे हौशी रेडिओवाले तिथे ऐकू येतात. स्क्रीनच्या बरोब्बर मधोमध एक ताठ सुळका उभा राहिला.

“मामा, आलं! अवकाशस्थानक आलं!”

स्थानक त्या घडीला क्षितिजाच्या वरही नव्हतं. मी अँटेना उपटली. सुळका जागचा हलला नाही. बिनअँटेनाचं अवकाशस्थानक बघून भाच्याचा विज्ञानावरचा विश्वास जरा डळमळला.

भानगड अशी, की ट्यूनर आत स्वतःची एक लहर तयार करतो आणि बाहेरून आलेली लहर तिच्यात मिसळतो. दोघींची फ्रीक्वेन्सी सारखीच ठेवली की फरक उरतो शून्य, आणि ई4000चं सगळं कामकाज या शून्याभोवती चालतं. पण घरचीच लहर थोडी गळून आतल्या आतच परत शिरते, स्वतःलाच भेटते आणि शून्यावर सुळका होऊन बसते. त्यात ट्रान्झिस्टरची गुरगुर फ्रीक्वेन्सी उतरेल तशी वाढत जाते. जॉन्सन नावाच्या एका साहेबांनी ती 1925 सालीच निर्वात नळ्यांमध्ये टिपली होती. नळ्या गेल्या, गुरगुर राहिली. थोडक्यात, सोसायटीच्या मीटिंगला मधल्या खुर्चीत बसणाऱ्या आमच्या चेअरमनना स्वतःखेरीज कुणाचं काही ऐकू येत नाही, त्यातली गत.

चेअरमनवर इलाज नाही, ट्यूनरवर आहे. खुर्ची बाजूला सरकवायची. ट्यूनर लावायचा 145.500वर आणि उरलेल्या तीनशे किलोहर्ट्झचा हिशेब सॉफ्टवेअरने करायचा. सुळका नाहीसा होत नाही. तो आपल्या जागी तोऱ्यात उभा असतो, आपण मात्र शेजारी बसून हवं ते ऐकतो. पुढच्या आर820टी ट्यूनरमध्ये ही सोय आधीच केलेली आहे. तो शून्यापर्यंत खाली उतरतच नाही, 3.57 मेगाहर्ट्झवर थांबतो. शहाणा आहे, पण मला तो जरा मिळमिळीत वाटतो.

खरी फजिती मीडियम वेव्हची. त्यासाठी ट्यूनरला वगळून चिपच्या पायाला थेट तार डकवावी लागते. ती डकवली आणि सांगली लावायला गेलो 1251 किलोहर्ट्झवर, तर पट्टाभर नुसती घरघर! इथे खुर्ची कितीही सरकवा, गोंगाट सगळीकडे सारखाच. मग एकेक बटण बंद करत फिरलो. मोबाईलचा चार्जर निघाला, थोडी कमी झाली. एलईडी बल्ब घालवला, आणखी थोडी. मुख्य आरोपी पंख्याचा रेग्युलेटर. तो विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा कचाकच तोडतो आणि तेवढ्याच वेळा रेडिओत खरखरतो. पूर्वीचा खटक्याचा काळा डबा तापायचा, पण बिचारा गप्प असायचा.

“अहो, मे महिन्यात पंखा बंद करून काय ऐकताय?”

“सांगली.”

“माझी आत्या आहे सांगलीत. फोन लावून देते.”

एका संध्याकाळी मात्र कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर बसला. अख्ख्या गल्लीत अंधार. लोक गॅलरीत येऊन करवादत होते आणि मी बॅटरीवरचा लॅपटॉप उघडून बसलो होतो. घरघर साफ गेली होती. पुणे तर होतंच, पण 1251वर एक बारीकशी रेषाही उमटली. हेडफोन लावला, सांगलीचा निवेदक बाजारभाव सांगत होता. हळद कितीला गेली ते तो सांगणार, एवढ्यात दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी इन्व्हर्टर चालू केला.