शरण आलेल्याशी चकमक: नवशिक्यांसाठी

आधी कायदा उरकून घेऊ. आरोपी तोंडी किंवा कृतीने ताब्यात आला, तर अटक करताना त्याच्या अंगाला हात लावायचीही गरज नाही. पळू नये एवढ्यापुरताच अटकाव करायचा, जास्त नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते. वाचून झाले? आता पुस्तक मिटा आणि फिर्याद लिहायला बसा. हो, फिर्याद आधी. गोळी मागाहून सुटली तरी चालते.

मजकूर नवा जुळवावा लागत नाही. तपासकामी नेत असताना आरोपीने अचानक अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावले, पथकाच्या दिशेने गोळीबार केला, शरण येण्याचे आवाहन धुडकावले, सबब स्वसंरक्षणार्थ... पुढचे हात आपोआप लिहितो. आरोपी आधीच शरण आलेला असला, तरी आवाहनाचे वाक्य गाळू नये.

धडा पहिला, कानपूर. आठ पोलिसांच्या हत्येतला आरोपी विकास दुबे ९ जुलै २०२० रोजी उज्जैनच्या महाकाल मंदिरात सापडला, तेव्हा स्वतःचे नाव-गाव ओरडून सांगत होता. दुसऱ्या सकाळी कानपूरजवळ नेमकी त्याचीच गाडी उलटली. मागून येणारे वार्ताहर थोडे अलीकडेच अडवले गेले होते. चौकशी आयोगाने पोलिसांना दोष दिला नाही. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला कुणी पुढे आलेच नव्हते. पैकीच्या पैकी गुण.

हैदराबादला मात्र तपशील वाढवण्याचा मोह नडला. ६ डिसेंबर २०१९, पहाट, चार आरोपी. त्यांनी म्हणे डोळ्यांत माती फेकली आणि पिस्तुले पळवली. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, तेव्हा सगळे जमले असे वाटले. पण फुले उधळणारे अहवाल लिहीत नाहीत. न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने तो लिहिला: गोळ्या जीव घेण्याच्या इराद्यानेच झाडल्या, चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा.

आता ठसे. बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला. त्याने पिस्तूल हिसकावल्याचे सांगितले गेले, आणि दंडाधिकाऱ्यांच्या अहवालानुसार पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसेच नव्हते. तारीखही वाईट निवडली: २३ सप्टेंबर २०२४. मुंबईतल्या चकमकींच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सोळा नियम घालून दिले, त्याला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे झाली होती. त्यातला एक नियम होतकरूंना फार लागतो: चकमकीनंतर लगेच बढती नाही, शौर्यपदकही नाही.

शेवटी नातेवाईक. हा धडा बहुतेक जण वगळतात. ११ नोव्हेंबर २००६ रोजी वाशीतून उचललेला लखनभैया त्याच संध्याकाळी वर्सोव्यात ‘चकमकीत’ मेला. पण भाऊ वकील निघाला. त्याने गोळ्या सुटण्याआधीच वरिष्ठांना तारा आणि फॅक्स धाडले होते, वेळेच्या नोंदीसकट. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांना जन्मठेप दिली. सुटलेल्या नामांकित चकमकफेम अधिकाऱ्यालाही २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तीच दिली.

तारसेवा २०१३ मध्येच बंद झाली, एवढी अडचण मिटली. मोबाइल तेवढे आधी जमा करून घ्या. घरच्यांचेसुद्धा.