सेम टू सेम

सोयाबीनचे पैसे हातात पडले आणि दिवाळी तोंडावर आली की वाशिम जिल्ह्यात भिंतींचे पोपडे अचानक दिसायला लागतात. वर्षभर ते तिथंच असतात, पण कुणाचं लक्ष नसतं. पूर्वी त्यावर सरळ इलाज होता. चुना भिजवायचा, चिमूटभर नीळ टाकायची, कुंचा घ्यायचा आणि दुपारपर्यंत मोकळं व्हायचं. या भिंतीची नीळ त्या भिंतीशी जुळली नाही म्हणून कुणाचं लग्न मोडलं नाही.

आता बैठकीचा हॉल झालाय. पोपटी, गुलाबी, आकाशी हे रंग गावंढळ ठरलेत आणि राखाडीला भाव आलाय. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा बायांच्या काचळी-फेटियावरचे लखलखते आरसे आणि लाल-पिवळे रंग पाहणाऱ्या जिल्ह्याला राखाडीचं वेड लागावं, याचंच नवल. पण पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीचा फोटो येतो, खाली शेडचा नंबर आणि दोन शब्द: ‘बाबा, हाच.’

नंबर एका कंपनीचा असतो. दुकानदाराला सूट दुसऱ्या कंपनीनं दिलेली असते. पेंटरचा जीव तिसऱ्याच कंपनीच्या डब्यातल्या टोकनात अडकलेला असतो. मग काउंटरवर पुढचा संवाद घडतो. पाटणी चौकात ऐका नाहीतर पुसद नाक्यावर, शब्द फारसे बदलत नाहीत.

‘भाऊ, हा नंबर तुमच्या कंपनीत बसते का?’

‘बसते ना काका. सेम टू सेम.’

‘फरक नाही ना पडणार?’

‘पडला तं एकोणीस-वीस.’

राखाडीचं सगळं दुखणं त्या एकोणीस-वीसमध्ये आहे. भडक लाल थोडा इकडेतिकडे झाला तरी तो लालच दिसतो. राखाडीला ती सवलत नाही. पांढऱ्या बेसात थोडं काळं आणि त्या काळ्याला वळण लावायला पिवळा, तांबडा किंवा निळा अगदी नखभर, एवढीच त्याची पाककृती. काळ्याची कमी-जास्ती एकवेळ खपून जाते. नखभराचं गणित चुकलं, की सकाळी निळसर वाटणारी भिंत संध्याकाळी हिरवट होते आणि रात्री एलईडीखाली जांभळट. घरात माणसं तीन, आणि प्रत्येकाची भिंत वेगळी!

दुकानदार म्हणतो, मशीन आहे. आहेच. चांगल्या दुकानात रंग वाचणारं यंत्रही असतं. जुन्या भिंतीचा तुकडा त्याच्यासमोर धरला, की ते आपल्या कंपनीतली जवळची पाककृती काढून देतं. जवळची म्हणजे तीच नव्हे. एका कंपनीनं राखाडी काळ्या-पिवळ्यातून साधलेला असतो, दुसरी तोच काळ्या, तांबड्या आणि निळ्यातून साधते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही जुळे भाऊ दिसतात. रिक्षातून घरी आणून खिडकीशी धरले, की एकाचा बाप वेगळा निघतो. रंगशास्त्रात या प्रकाराला मेटॅमेरिझम म्हणतात. आमचा पेंटर त्याला ‘लाइटची गडबड’ म्हणतो, आणि त्याचंही चूक नाही.

त्यात काकांचा काटकसरी स्वभाव. आधी लिटरभरच घेऊन पाहू, मग वीस लिटर. लिटरच्या डब्यात तो नखभर रंग थेंबावर येतो. नळीच्या तोंडाशी सुकलेल्या रंगाची खपली अडकली असेल, तर अर्धा थेंब आत आणि अर्धा बाहेर. लिटरला पसंत पडलेला राखाडी वीस लिटरला वेगळा उतरतो आणि शिव्या खातो पेंटर.

आता एक गंमत सांगतो. भारतीय मानक ब्युरोचं आयएस ५ नावाचं एक मानक आहे. त्यात रंगांना नंबर दिलेत. ६३१ म्हणजे लाइट ग्रे. विजेच्या पॅनेलच्या निविदेत ‘आयएस ५ प्रमाणे ६३१’ एवढं लिहिलं, की पुरवठा कुणीही करो, पेटीनं त्याच रंगात यायचं. जर्मनीत १९२७ मध्येच आरएएल या संस्थेनं ४० रंगांची यादी करून हा प्रश्न कारखान्यांपुरता मिटवला होता. म्हणजे बाहेरच्या फ्यूजच्या पेटीला जे संरक्षण आहे, ते तुमच्या हॉलच्या भिंतीला नाही. आयएस ५ मध्ये घरचा राखाडी शोधायला बंदी नाही म्हणा, पण आपल्या हॉलला पॅनेलचा रंग दिलाय, हे पाहुण्यांना कसं सांगणार?

घरगुती शेडचे नंबर ज्याच्या-त्याच्या कंपनीचे. नावं तर अशी, की रंग घेतोय की कादंबरी, कळू नये. हे सगळं आपल्या सोयीसाठी आहे, असा आपला समज. खरं तर शेडचा नंबर हा गिऱ्हाईक बांधायचा खुंटा आहे. पाच वर्षांनी ओल आली, अर्धी भिंत खरवडली, की दावणीची जनावरं गुपचूप त्याच दुकानात परत. १९४२ मध्ये गिरगावच्या गायवाडीत चार मित्रांनी एशियन पेंट्स काढली. पुढं आर. के. लक्ष्मण यांनी तिला बादली-ब्रशवाला गट्टू दिला. गट्टूला पाहून लोक डबा घेत, नंबर कोण विचारी? आता २०१९ मध्ये जेएसडब्ल्यू आली, २०२४ मध्ये बिर्ला ओपस आली, आधीच्या बर्जर, नेरोलॅक होत्याच. एका दुकानात मशीनला मशीन खेटून उभी आहे. एकीची भाषा दुसरीला कळावी, अशी गरज त्यांच्यापैकी एकीलाही वाटत नाही.

रंगाच्या बाबतीत वाशिमनं कुणाकडून शिकावं, अशी वेळ खरं तर यायला नको होती. हे गाव वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकात अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. अजिंठ्याच्या चित्रांत गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढरं आणि काजळी हे सगळं वापरलंय. निळ्यासाठी मात्र लाजवर्दचा दगड पार अफगाणिस्तानाकडून आला. परगावचा माल लागला तो निळ्याला. राखाडी काजळीत पांढरं कालवून घरच्या घरी होत होता. वराहदेवाचा शिलालेख तिथं आहे. त्यात ‘पडला तं एकोणीस-वीस’ असं कुठं आलेलं नाही.

एवढं असूनही ज्याला दुसऱ्या कंपनीत रंग जुळवायचाच आहे, त्यानं नंबर घेऊन फिरू नये. नंबर भिंत नवी असतानाचा असतो. भिंत त्यानंतर ऊन, धूळ आणि अगरबत्त्यांचा धूर खात बसलेली असते. कपाटामागचा नको, उजेडातल्या भिंतीचा तळहाताएवढा पापुद्रा काढून न्यावा. मॅट असेल तर मॅटच घ्यावा, कारण चकाकीत फरक पडला तर शेड जुळूनही जुळत नाही. नमुना पुठ्ठ्यावर दोन हात मारून पूर्ण वाळू द्यावा, कारण ओला इमल्शन वाळल्यावर बहुधा गडद होतो. मग तो पुठ्ठा सकाळी आणि रात्री त्याच भिंतीला टेकवून पाहावा. रंग लागेल तेवढा एकदमच घ्यावा आणि सगळे डबे एका ड्रमात ओतून ढवळावेत. सगळ्यात महत्त्वाचं, भिंतीच्या मध्येच थांबू नये. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारावी. कोपऱ्यात उजेडच बदलतो, तिथं एकोणीस-वीस कुणालाही दिसत नाही. हे सगळं पेंटरला पाठ असतं. त्याला विचारतो कोण? त्याला फक्त रोज किती, एवढंच विचारतात.

काकांनी अर्थात यातलं काही केलं नाही. इलेक्ट्रिशियननं स्विचबोर्ड बदलला, भोवती पुट्टी भरली आणि काकांनी दुसऱ्या कंपनीचा सेम टू सेम लिटर आणला. आता दारातून आत येणाऱ्याला आधी बोर्डाभोवतीचा वीतभर चौकोन दिसतो, मग काका. चौकोन झाकायला काकूंनी कॅलेंडर टांगलं, तर बटण दाबायला दरवेळी महिना उचलावा लागतो. शेवटी पेंटरलाच बोलावलं. त्यानं लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, बोटानं टिचकी मारली आणि निदान सांगितलं: ‘काका, हे मॅच नाही होत. अख्खी भिंत वाइन कलर मारून टाकू. लोकं हायलाइट म्हणतीन.’

लेकीला फोटो गेला. तिला आवडला. टेक्श्चरचे पैसे वेगळे लागले.