ज्याचं त्याचं, सगळ्यांचं तेच

नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत रचली. सात-सात घरांमध्ये एक चौक, उतरती कौलारू छपरं, आणि मुद्दाम ठेवलेली गोष्ट म्हणजे शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही. का, तर कुटुंब वाढेल, पैसा येईल, तसं ज्याने त्याने आपलं घर मनासारखं वाढवावं. वास्तुरचनाकाराने रहिवाशाला दिलेली ही दुर्मीळ सूट. एरवी ही मंडळी अभ्र्याचा रंगसुद्धा आपल्याला विचारूनच ठरवा म्हणतात.

सूट मिळाली, ती लोकांनी पुरेपूर वसूल केली. बरीच कौलं उतरली, स्लॅब चढले, मजले आले. प्रत्येकाला स्वतःचं, वेगळं, इतरांपेक्षा निराळं घर हवं होतं. म्हणून प्रत्येक जण त्याच ठेकेदाराकडे गेला. त्याने आधीच्या गिऱ्हाइकाचा फोटो दाखवला. ‘असंच, पण जरा उंच,’ एवढंच व्यक्तिस्वातंत्र्य मग शिल्लक उरलं. स्टीलचं रेलिंग, चकचकीत टाइल, गॅलरीला ग्रिल. सामूहिक ओळखीसाठी एवढा खल करणाऱ्या परिसंवादांना जे जमलं नाही, ते हार्डवेअरच्या दुकानाने करून दाखवलं.

जाणकार येतात, उरलीसुरली मूळ घरं टिपतात आणि बाकीच्यांकडे बघून हळहळतात. मूळ आराखड्यातच हा बदल गृहीत धरलेला होता, हे त्यांना सांगून पाहा. पण शोकसभेचं निमंत्रण आल्यावर मृत्यूचा दाखला कोण मागतो?