छापील सागवान

पारनेर तालुक्यातल्या सुप्यात एमआयडीसी आली, पुणे-नगर रस्त्यालगतच्या प्लॉटचे भाव चढले आणि लोकांना घरातली शहाबादी फरशी खुपू लागली. आता हवी ‘लक्झरी व्हिनाईल’. म्हणजे पीव्हीसीच, वर सागवानाचा छापील फोटो, त्यावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पारदर्शक थर. लक्झरी काय ती तेवढ्यातच.

दुकानदार छातीठोकपणे सांगतो, “पाण्याला अजिबात घाबरत नाही, शेठ!” आमच्या दुष्काळी तालुक्यात हा गुण भलताच उपयोगी. खालचा कोबा मात्र सपाट अन् कोरडाठाक हवा. बारीकसा उंचवटाही सागवानातून डोकं वर काढतो.

उन्हाळ्यात शहाबादीवर नुसतं पडलं तरी गार वाटायचं. आता एसी घ्यावा लागेल. तोही हप्त्यावर मिळतो म्हणे.